दोघं, सात दिवस, कोलकाता: २८,८०० रुपयांत कसं बसवलं

मागच्या डिसेंबरात मी आणि बायको एक आठवडा कोलकात्याला जाऊन आलो, पुण्यापासून पुण्यापर्यंत दोघांचा मिळून खर्च २८,८०० झाला, आणि हे ऑफिसात बोलता बोलता सांगितल्यापासून जो भेटतो तो विचारतोय की बाबा नक्की कसं केलंस, प्लॅन पाठव. प्लॅन म्हणून पाठवायला एक्सेल वगैरे काही नाहीये, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकतो. काही गोष्टी आम्ही नीट केल्या, एक गोष्ट साफ चुकली, ती पण सांगतो.

आधी हिशोब, कारण सगळ्यांना तोच पाहिजे असतो. रेल्वे थर्ड एसी जाऊन येऊन दोघांचे ८,२००, गाडीतलं खाणंपिणं १,२००, सहा रात्री राहणं ९,६००, तिथलं खाणं ५,३००, शहरात फिरणं १,९००, म्युझियम वगैरेची तिकिटं ७००, आणि येताना मिठाई न पुस्तकं १,९००. स्लीपरने गेलात तर अजून चारपाच हजार वाचतील, पण जवळपास ३३ तासांचा प्रवास आहे, आणि माझी कंबर आता पंचविशीतली राहिली नाही.

शहर निवडताना लोक काय करतात, आधी स्वस्त विमान कुठलं ते बघतात. माझं मत उलटं आहे. तिकीट एकदाच काढायचं असतं, खोली न टॅक्सी रोज लागते, त्यामुळे जिथे रोजचा खर्च कमी तिथे जावं. कोलकात्यात मेट्रोचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, नदी ओलांडायची बोट सहासात रुपयांत मिळते, लोकलने तासाभराच्या गावाला दहा रुपयांत जाता येतं, आणि दोन माणसं पोट फुटेस्तोवर नाश्ता करून शंभराच्या आत बाहेर पडतात. एवढं मोठं शहर इतक्या स्वस्तात फिरता येतं असं दुसरं मला तरी माहीत नाही. मुंबईत तीन दिवसांत जेवढे जातात तेवढ्यात तिथे आठवडा निघतो.

आता रजेचं गणित, यावर मी स्वतःच खूश आहे. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हावड्याला पोचते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थोडं लवकर सटकून गाडी पकडली की रविवारी पहाटे हावडा. परतीची हावड्याहून रात्री निघते, ती शनिवारची घेतली की सोमवारी सकाळी पुणे. म्हणजे सोमवार ते शुक्रवार पाचच रजा टाकायच्या आणि शहरात पूर्ण सात दिवस हातात. सोमवारी सकाळी गाडी लेट झाली तर ऑफिसात फोन करायची तयारी ठेवा, ती होतेच, आमचीही झाली. मुंबईकरांना गीतांजली आहे, ती नागपूरवरूनच जाते, विदर्भातल्या लोकांना तर एक रात्र झोपलं की हावडा.

रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय, तरी अजून लोक चार महिने आधी बघायला जातात आणि तारीखच दिसत नाही म्हणून गोंधळतात. कॅलेंडरवर ६० दिवस मागे मोजून सकाळी आठला बसा, आणि आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, आता बुकिंग उघडतं त्या दिवशी ऑनलाइन फक्त आधार जोडलेल्यांनाच तिकीट काढता येतं. पुण्यात शिकायला न नोकरीला आलेली बंगाली पोरं बरीच आहेत, ही त्यांची घरी जायची गाडी आहे, त्यामुळे दुर्गापूजेच्या आसपास तर नावच काढू नका. पूजा बघायचीच असेल तर ती वेगळी ट्रिप, वेगळं बजेट, खोल्यांचे भाव तेव्हा कुठच्या कुठे जातात. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. थंडी छान, एसी लागत नाही म्हणजे नॉनएसी खोली चालते, नाताळची गर्दी अजून यायचीय, आणि खजुराचा नवा गूळ बाजारात आलेला असतो. तो काय प्रकार आहे ते पुढे येईल. मार्च ते जून मात्र जाऊ नका, घामाने आंघोळ होते.

आता ती चूक. बुकिंग ॲपवर मी भावाने स्वस्त ते वर असं लावलं आणि शहराच्या बाहेर लांब न्यू टाउनकडे एक खोली मिळाली, ११०० रुपये, फोटोत पांढरीशुभ्र चादर, टॉवेलचा हंस केलेला. शहरातच, भवानीपूरला तशीच खोली १७०० ला होती. मी म्हटलं रात्रीचे ६०० वाचले, सहा रात्रींचे ३६००, काय हुशार माणूस आहे मी. रविवारी दुपारी हावड्याहून तिथे जायला कॅबला ४२० गेले. थकून झोपलो, संध्याकाळी उठलो तर परत शहरात जायचं म्हणजे अजून तेवढेच, म्हणून गेलोच नाही, खिडकीतून फ्लायओव्हर बघत बसलो. बायको काही बोलली नाही, तेच जास्त वाईट. सकाळी बॅगा उचलून भवानीपूरला आलो, ३६० गेले. म्हणजे सहाशे वाचवायला ७८० घातले आणि वर एक संध्याकाळ फुकट गेली. टॉवेलचा हंस मात्र खरंच होता.

एक बरं केलं होतं की पहिली एकच रात्र पैसे भरून घेतली होती, बाकीच्या पाच हॉटेलवर पैसे द्यायच्या आणि कॅन्सल करता येणाऱ्या. हे कायम करा, पहिली रात्र पक्की, पुढचं जागा बघून.

तर राहायची जागा बघताना भाव दुसरा, पहिलं म्हणजे मेट्रोच्या निळ्या लाइनचं स्टेशन चालत किती लांब. ही भारतातली पहिली मेट्रो, १९८४ साली एस्प्लनेड ते भवानीपूर चालू झाली, आता दक्षिणेश्वरपासून दक्षिणेकडे लांबपर्यंत जाते आणि तुम्हाला बघायचं त्यातलं ऐंशी टक्के याच एका रेषेवर आहे. उत्तरेला शोभाबाजार, गिरीश पार्क, महात्मा गांधी रोड, मध्ये एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, खाली जतीन दास पार्क, कालीघाट. यातल्या कुठल्याही स्टेशनपासून दहा मिनिटांत खोली असेल तर टॅक्सी जवळपास लागतच नाही. सगळ्यात स्वस्त खोल्या सडर स्ट्रीटला, इंडियन म्युझियमच्या मागची गल्ली, परदेशी बॅकपॅकर वर्षानुवर्षं तिथे उतरतात, हॉस्टेलचे बेड पण मिळतात, पण खोली आत जाऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नका, काही खोल्यांना खिडकी म्हणून जी असते ती जिन्यात उघडते. एकटे असाल तर तेच बेस्ट. आम्हाला भवानीपूर मानवलं कारण त्या भागात गुजराती वस्ती आहे, बायको शाकाहारी, तिची सोय झाली. हाजरा रोडला महाराष्ट्र निवास पण आहे, तिथे राहायला जागा आहे का ते फोन करून विचारून बघा, आम्ही नुसते बाहेरून पाटी बघून आलो, उगाच बरं वाटलं.

खोली घेताना फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: गरम पाणी नळाला की बादलीने, चेकआउट किती वाजता, आणि शेवटच्या दिवशी बॅगा रात्रीपर्यंत ठेवतील का. शेवटचं फार महत्त्वाचं, गाडी रात्रीची असते आणि खोली दुपारी बाराला सोडावी लागते.

पहिल्या दिवसाचं बघू, कारण पहाटे पोचल्यावर बहुतेक जण तिथेच पैसे घालवतात. पहाटे साडेचार पाचला हावड्याला उतरलात, खोली दुपारी मिळणार, मग माणूस घाबरून टॅक्सी करतो आणि अर्ली चेकइनचे पैसे भरतो. काही करू नका. स्टेशनवर क्लोकरूम आहे, तिकीट दाखवून बॅगा ठेवता येतात, फक्त बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. आमच्या एका बॅगेला नव्हतं, तिथेच बाहेर एक माणूस छोटी कुलपं विकत बसलेला, साठ रुपये, त्याला माहीतच आहे आपण येणार. वेटिंग रूमला तोंडबिंड धुवा आणि उजाडायला लागलं की चालत हावडा ब्रिजवर निघा. १९४३ चा पूल, नटबोल्ट न लावता रिव्हेट ठोकून उभा केलेला. सकाळी डोक्यावर टोपल्या, गाठोडी, कोंबड्यांचे पिंजरे घेऊन माणसं अक्षरशः पळत असतात, तुम्ही फोटो काढायला मध्ये थांबलात की मागून ओरडा बसतो. पलीकडे उतरलं की पुलाच्या खालीच मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळांचे एवढे मोठे वेटोळे, माणूस खांद्यावर घेतो तेव्हा माणूस दिसतच नाही, नुसता केशरी ढीग चालतोय असं वाटतं. तिकीट नाही, काही नाही. खाली चिखल असतो, सँडल घाला, बूट नको.

आणि रविवार असेल तर तिथून चालत टिरेटा बाजार, पोद्दार कोर्टाजवळ. जुन्या चिनी वस्तीतले लोक सकाळी रस्त्यावर नाश्ता विकतात, वाफवलेले बाओ, मोमो, फिशबॉल सूप. आठ वाजेपर्यंत संपत येतं. रविवारीच खरी मजा असते, आणि आपली गाडी रविवारी पहाटेच पोचते, याहून काय पाहिजे. बायकोला तिथे खाण्यासारखं काहीच नव्हतं, ती माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पुढच्या कोपऱ्यावर कचोरी मिळाली तेव्हा शांत झाली.

खाण्याबद्दल आता जरा सविस्तर, कारण बजेट ट्रिप म्हटली की लोक आधी खाण्यावर कात्री चालवतात, आणि या शहरात तो शुद्ध वेडेपणा आहे. सकाळी कोचुरी आणि बटाट्याची पातळ भाजी, गरम जिलेबी, मातीच्या भांड्यातला चहा. हे भांडं म्हणजे आपल्या बोटाएवढं असतं, दोन घोटांत संपतं, दोन घ्या. दुपारी जेवायला पाइस होटेल. हा प्रकार आपल्याकडे नाही, समजून घ्या. पूर्वी पैशापैशात जेवण मिळायचं म्हणून हे नाव. फळ्यावर खडूने आजचे पदार्थ लिहिलेले, बंगालीत. थाळी नसते, भात वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी, माशाचा तुकडा वेगळा, काही ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाचे पैसेसुद्धा वेगळे. वाढपी येऊन एका दमात सगळ्या पदार्थांची नावं म्हणतो, आपल्याला फक्त मधेच कुठेतरी मान हलवायची असते. इथे फसायला होतं ते माशात. रुई, कातला स्वस्त, पाबदा मध्यम, हिल्सा म्हणजे इलिश आणि मोठी कोळंबी एकदम महाग, आणि वाढपी पहिलं नाव नेमकं तेच घेतो. किंमत विचारून मगच हो म्हणायचं, कोणी वाईट मानत नाही, स्थानिक लोक पण विचारतात. कॉलेज स्ट्रीटजवळ स्वाधीन भारत हिंदू होटेल आहे, नेताजी इथे जेवायचे असं सांगतात, तिथे मी रुईचं कालवण, डाळ, भात आणि आलूपोस्तो म्हणजे खसखशीतला बटाटा जेवलो, दोनशेच्या आत. दीडच्या आधी जा, उशीर केला की फळ्यावरची नावं पुसायला सुरुवात होते.

शाकाहारी लोकांनी एक शब्द पाठ करायचा, निरामिष. नुसतं व्हेज म्हटलं तर कधी कधी अंडं चालेल का असं पुढे विचारतात, निरामिष म्हटलं की विषय संपला. सगळं मोहरीच्या तेलात असतं, पहिले दोन दिवस नाकाला झोंबतं, तिसऱ्या दिवशी आवडायला लागतं, निदान बायकोला लागलं, आता घरात एक बाटली आहे. लुची म्हणजे मैद्याची पुरी आणि नारळाचे तुकडे घातलेली चण्याची डाळ, धोकार दालना म्हणजे डाळीच्या वड्यांचा रस्सा, आलूपोस्तो, बेगुनी म्हणजे वांग्याची भजी, एवढ्यावर ती आठवडाभर मजेत राहिली. फुचक्याला मात्र पाणीपुरी म्हणू नका, ते हसतात, आणि खरंच वेगळा आहे, आत बटाट्यात मसाला न चिंच कालवलेली, पाणी गोड नाही. संध्याकाळी रोल, झालमुरी, आणि बिर्याणीत बटाटा. त्या बटाट्यावरून मी आधी नाक मुरडलं होतं, मग अजून एक मागून घेतला, तो बटाटा म्हणजे अख्ख्या बिर्याणीचा रस पिऊन बसलेला असतो.

हे सगळं बसवायचं कसं तर सोमवार सांभाळून. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या गॅलऱ्या, इंडियन म्युझियम, जोडासांकोची ठाकूरबाडी म्हणजे रवींद्रनाथांचं घर, नेताजी भवन, शिवपूरचं बोटॅनिकल गार्डन, हे सगळं सोमवारी बंद. उलट कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बंद. मदर तेरेसांचं मदर हाउस गुरुवारी बंद. त्यामुळे सोमवारी कॉलेज स्ट्रीट, आपोआप ठरलं. आम्ही न्यू टाउनहून बॅगा हलवल्या, अंघोळ केली आणि तिकडेच गेलो. प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या कुंपणाला चिकटून पत्र्याच्या टपऱ्या, त्यात पुस्तकं छतापर्यंत, तुम्ही नाव सांगा, माणूस बसल्या जागेवरून हात घालून काढून देतो. वर इंडियन कॉफी हाउस, तिथे काळी कॉफी मागायची तर इन्फ्यूजन म्हणायचं, एका कपावर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही, पगडी घातलेले वेटर येतात ते त्यांच्या वेळेने येतात. उन्हातून आलात तर पॅरामाउंटचं शहाळ्याचं सरबत, १९१८ चं दुकान.

मंगळवारी व्हिक्टोरिया, सेंट पॉल्स कॅथेड्रल, मैदान, मग चालत पार्क स्ट्रीटच्या जुन्या कबरस्तानात. १७६७ मध्ये सुरू झालेलं, आत पिरॅमिडसारख्या उंच उंच कबरी, शेवाळ, शांतता, तिकीट किरकोळ. व्हिक्टोरियाचं एक सांगतो, नुसत्या बागेचं तिकीट वेगळं आणि गॅलऱ्यांसकटचं वेगळं, रांगेत लागायच्या आधी ठरवा. आत बघाच, पण मला विचाराल तर संध्याकाळी बाहेरून बघायला जास्त छान आहे आणि ते फुकट आहे.

बुधवार लोकलचा. हा आमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी दिवस. हावड्याहून बंडेल लोकल पकडायची, वाटेत श्रीरामपूर, मग चंदननगर. श्रीरामपूर म्हणजे आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं, १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे असलेलं. मराठी माणसाने इथे दोन तास द्यावेत असं मला फार वाटतं. विल्यम केरी नावाच्या मिशनऱ्याने इथूनच १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी शब्दकोश छापून काढला, कोशातले मराठी शब्द मोडीत, त्याच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती, अन् आपल्या भाषेचा छापील कोश दोन हजार किलोमीटर लांब बंगालात निघत होता. श्रीरामपूर कॉलेजच्या आवारात उभं राहून मी बायकोला हे सांगितलं, ती म्हणाली बरं, आता भूक लागलीय. मग चंदननगर, १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होतं, नदीकाठी लांबलचक स्ट्रँड, बाकं, झाडं, चर्च, आणि जलभरा संदेश नावाची मिठाई, बाहेरून साधा संदेश, चावलं की आत गुलाबपाणी. हळू चावा, माझ्या शर्टवर गेलं. लोकलची तिकिटं दोघांची जाऊन येऊन पन्नासच्या आत. सकाळी शहराकडे येणाऱ्या लोकलला मुंबईसारखी गर्दी, आपण उलट दिशेने जातो, बसायला मिळतं.

गुरुवारी मेट्रोने दक्षिणेश्वर, तिथून बोटीने रामकृष्ण मिशनचा बेलूर मठ. इथे वेळ सांभाळा, दुपारी मंदिरं बंद होतात आणि चारच्या आसपास उघडतात, म्हणून सकाळी लवकर निघा, नाहीतर भर दुपारी नदीकाठी बसावं लागतं. राणी राशमणीने १८५५ साली बांधलेलं दक्षिणेश्वर आधी, मग बोट, मग बेलूर, असं केलं की बाराच्या आत उरकतं. परत येताना शोभाबाजारला उतरून कुमारटुलीत जायचं, मूर्तिकारांच्या गल्ल्या, गवताचे सांगाडे, त्यावर ओली माती, डोकं नसलेल्या सरस्वत्या ओळीने उभ्या. आपल्याकडे पेणला गेलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण पेणला बहुतेक साचा असतो, इथे पेंढ्यापासून सुरुवात.

आणि तिथून बागबाजारच्या बाजूला गेलात तर मराठा डिच लेन नावाची गल्ली शोधा. १७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात घुसले, भास्करराम कोल्हटकर त्यांच्या पुढे, तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, मराठे शहरापर्यंत आलेही नाहीत, पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली आया अजूनही पोरांना झोपवताना बर्गी आले म्हणून गाणं म्हणतात, बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपण शाळेत अटकेपार झेंडे शिकलो, हे नाही शिकलो. गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याने विचारलं कुठून आलात, मी म्हटलं महाराष्ट्र, तो म्हणाला, ओ, बर्गी! आणि हसून चहाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

शुक्रवारी इंडियन म्युझियम, १८१४ चं, देशातलं सगळ्यात जुनं, आत इजिप्तची ममी आहे, तिकीट शंभराच्या आत, अख्खा दिवस गेला तरी संपत नाही. मागेच न्यू मार्केट, तिथे खरेदी करताना हमालासारखे मागे लागणारे लोक असतात, मी दाखवतो म्हणतात, त्यांचं कमिशन तुमच्या किमतीत चढतं, सरळ नको म्हणा. आत नाहूम नावाची ज्यू कुटुंबाची जुनी बेकरी आहे, डिसेंबरात तिथे केकसाठी रांग लागते, रांगेत उभं राहायला हरकत नाही. शनिवारी सकाळी जोडासांको, रवींद्रनाथ जिथे जन्मले आणि १९४१ साली गेले ते घर, गिरीश पार्कला उतरायचं. दुपार मोकळी ठेवा, पॅकिंग, मिठाई आणि नदी.

फिरण्याबद्दल राहिलं ते पटकन. हावड्याची मेट्रो २०२४ पासून नदीच्या खालून एस्प्लनेडला जाते, पाऊण मिनिटात नदी पार होते, बोगद्यात निळे दिवे लागले की समजायचं आपण हुगळीच्या खाली आहोत. एकदा तिने जा, एकदा बोटीने, एकदा पुलावरून चालत. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते हे लक्षात असू द्या. ऑटो तिथे शेअरच असतात, ठरलेला रूट, ठरलेलं भाडं, आणि सुट्टे पाहिजेत. खुचरो, म्हणजे सुट्टे, हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकाल, दोनशेची नोट दिली की ऑटोवाला तुमच्याकडे असा बघतो की आपण त्याचं घर मागितलं, म्हणून निघतानाच दहावीसच्या नोटा जमवून न्या. टॅक्सी लागलीच तर यात्री साथी म्हणून राज्य सरकारचं ॲप आहे, त्यावर पिवळी टॅक्सी पण मिळते, भाव आधीच दिसतो. पिवळ्या अँबेसिडर कमी कमी होत चालल्यात, एकदा बसून घ्या. ट्राम १८७३ पासूनची, पण आता इनमिन दोन रूट उरले होते आणि ते पण बंद करायची भाषा चालू आहे, तिथे पोचल्यावर चालू आहे का विचारा, असेल तर बाकी काही सोडून बसा, घाई नसलेल्या दुपारी.

आता मिठाई, कारण १,९०० मधले हजार तिथेच गेले. रसगुल्ले डबाबंद घ्या, ते टिकतात. संदेश दोन दिवसांच्या वर टिकत नाही आणि गाडीत दीड दिवस जातो, म्हणून शनिवारी संध्याकाळी शेवटची खरेदी संदेशाची करायची, आधी नाही. हिवाळ्यात नोलेन गुडाचा, म्हणजे त्या खजुराच्या नव्या गुळाचा संदेश मिळतो, रंग फिका तपकिरी, वास धुरकट गोड. मिष्टी दोई म्हणजे गोड दही मातीच्या मडक्यात असते, तिला गाडीत न्यायच्या भानगडीत पडू नका, मी नेली, बॅगेत सांडली. नुसता गूळ ढेपेत मिळतो, त्याला पाटाली म्हणतात, तो घरापर्यंत आरामात येतो, पुरणपोळीत घालून बघितला, बायको म्हणाली काहीतरीच वास येतोय, पण खाल्ल्या चार.

आणि शेवटचं, परतीची गाडी हावड्याच्या नवीन कॉम्प्लेक्समधून सुटते, १७ नंबरपासून पुढचे प्लॅटफॉर्म तिकडे आहेत, जुना भाग वेगळा, दोन्हीत बॅगा ओढत बरंच चालायला लागतं. अर्धा तास जास्तीचा धरा. संदेशाचे डबे ज्याचे त्याला वेगळे बांधून घ्या आणि बॅगेत तळाशी ठेवा, आम्ही एकच मोठा डबा घेतला होता, ऑफिससाठी म्हणून, वरच्या बर्थवर उशाशी ठेवलेला. नागपूर यायच्या आधी दोन ओळी गेल्या, बडनेऱ्याला अर्धा झाला, आणि ऑफिसात मी रसगुल्ल्याचा डबा नेला.